काट्याच्या पलीकडचा कारखाना

प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे संमतीपत्रासाठी अर्ज करताना कारखान्याचा नकाशा जोडावा लागतो. त्यात गव्हाण, मिल, बॉयलर, गोदामं, मळीच्या टाक्या, सांडपाणी प्रक्रिया केंद्र असं सगळं दाखवलेलं असतं आणि सगळ्याला वेढणारी एक लाल रेघ असते. ती कारखान्याची हद्द. साखर कारखानदारीत माझं निम्मं आयुष्य गेलं. सुरुवात प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून झाली, मग सांडपाणी आणि पर्यावरणाचं काम अंगावर आलं, आणि शेवटची काही वर्षं शेतकी विभागासोबत ऊसतोडीच्या नियोजनात गेली. बहुतेक नोकरी बीड जिल्ह्यात झाली, मधले काही हंगाम पश्चिम महाराष्ट्रात. एवढ्या वर्षांत पाहिलेलं थोडक्यात सांगायचं तर लाल रेघेच्या आत जे ठरवलं त्यातलं बरंचसं आम्ही करून दाखवलं, आणि रेघेच्या बाहेर जे ठरवलं त्यातलं बरंचसं फायलीत राहिलं. असं का झालं, आणि जिथं थोडं जमलं तिथं काय वेगळं घडलं, ते सांगतो.

आधी जे जमलं ते. सगळ्यांत मोठा प्रश्न पाण्याचा होता. उसात सुमारे ७० टक्के पाणीच असतं. रोज अडीच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात उसासोबतच साडेसतरा लाख लिटर पाणी येतं. रस आटवताना त्याची वाफ होते आणि थंड झाली की तिचं पुन्हा पाणी होतं. तरीही आमच्याकडे कारखाना बोअरवर आणि धरणाच्या पाण्यावर चालायचा. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्याकडची गावं तेव्हा टँकरवर होती आणि कारखान्याची धुणीपुसणी मात्र मोठ्या नळीनं चालायची. उसातलं पाणी सांडपाणी होऊन ओढ्याला जायचं आणि वापरायला नवं पाणी उपसलं जायचं. आसपासचे शेतकरी विहिरीतलं काळपट पाणी बाटलीत भरून ऑफिसात आणायचे आणि टेबलावर ठेवून काही न बोलता बसायचे. त्या बसण्याला उत्तर देणं भांडणाऱ्या माणसाला उत्तर देण्यापेक्षा अवघड असे.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं साखर उद्योगाचे निकष कडक केले. एक टन ऊस गाळल्यावर सगळं मिळून २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी नको, असं ठरलं. आमच्याकडे नेमकं किती निघतं हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण मोजतच नव्हतो. म्हणून पहिला खर्च मीटरवर केला. मीटर बसल्यावर कळलं की पाणी मोठ्या यंत्रांत कमी आणि किरकोळ गोष्टींत जास्त जातंय. पंपांच्या गळक्या ग्लँडा, उघडे राहिलेले व्हॉल्व्ह, फरशी धुण्याची नळी. मिल हाउसमध्ये सांडलेलं तेल पाण्यानं ढकलून गटारात जायचं आणि पुढे प्रक्रिया केंद्राचा घोटाळा करायचं. तिथं आम्ही नळी काढून घेतली आणि भुसा टाकून झाडू मारायला लावलं. वाफेपासून झालेलं कंडेन्सेटचं पाणी थंड आणि स्वच्छ करून पुन्हा वापरायची सोय नंतर झाली. तिला पैसा लागला, पण तोवर अर्धी लढाई झाडूनंच जिंकली होती.

फरक पडला तो आणखी एका गोष्टीनं. साखर कारखान्यात रोज सकाळी एक अहवाल निघतो. गाळप किती, उतारा किती, बगॅस किती, किती तास बंद आणि कशामुळे. कार्यकारी संचालक चहाच्या आधी तो वाचतात. त्या अहवालात मी एक ओळ वाढवून घेतली: प्रति टन सांडपाणी. पहिले काही दिवस कुणी बघितलं नाही. मग एका सकाळी साहेबांनी विचारलं, "रात्रपाळीलाच का वाढतंय हे?" त्या दिवसापासून पाळीप्रमुख एकमेकांचे आकडे बघायला लागले. माझ्या भाषणांनी, फलकांनी आणि पाच जूनच्या वृक्षारोपणानं जे झालं नव्हतं ते त्या एका ओळीनं झालं.

प्रक्रिया केंद्राचं कामही मला पुस्तकानं कमी आणि तिथल्या जुन्या ऑपरेटरनं जास्त शिकवलं. साखर कारखाना वर्षातले चार-पाच महिने चालतो. हंगाम संपून पट्टा पडला की सांडपाणी बंद होतं आणि ते साफ करणारे जिवाणूही उपासमारीनं मरतात. पुढच्या हंगामात पहिल्या दिवशी मोळी टाकली आणि सांडपाणी आलं तर टाकीत ते खायला कुणीच नसतं. म्हणून गाळपाच्या काही आठवडे आधी टाकीत शेणकाला, युरिया, डीएपी घालून हवा देत जिवाणू वाढवावे लागतात. शेणाच्या ट्रॉलीची मागणी खरेदी विभागात दरवर्षी हसण्यावारी जायची. आमचा ऑपरेटर म्हणायचा, "सायेब, ह्ये बी मजूरच हायेत. आधी खाया घाला, मग कामाला लावा." तो हे जिवाणूंबद्दल बोलत होता. पुढे तोडणी मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, फिरताना मला त्याचं वाक्य वेगळ्या कारणानं आठवत राहिलं.

डिस्टिलरीचा प्रश्न याहून कठीण होता. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की आठ-दहा लिटर किंवा त्याहूनही जास्त स्पेंटवॉश मागे राहतो. गडद तपकिरी, आंबूस वासाचा. त्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, चाळीस-पन्नास हजारांच्या घरात असतो, घरगुती सांडपाण्याचा दोन-तीनशे असतो. एवढ्यावरून ओढ्यात गेलेला एक टँकर काय करतो ते समजावं. आम्ही रस गाळून उरलेल्या प्रेसमडवर स्पेंटवॉश फवारून कंपोस्ट करायचो. पद्धत चांगली, पण पावसाळ्यात ती बंद ठेवावी लागते आणि अवकाळीला पावसाळा कोणता हे माहीत नसतं. नंतर स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळण्याची यंत्रणा आली. ती आली कारण २०१८ नंतर इथेनॉलसाठीच्या कर्जावर व्याजाची सवलत मिळायला लागली आणि शून्य विसर्गाशिवाय नवी डिस्टिलरी चालवणं अशक्य झालं. जळून उरलेल्या राखेत पोटॅश असतं. त्यापासून केलेलं १४.५ टक्के पोटॅशचं खत २०२१ पासून केंद्राच्या अनुदानित खतांत धरलं जातं. ज्या राखेचे ढीग टाकायचे कुठे म्हणून आम्ही भांडत होतो तिच्यासाठी नंतर खरेदीदार फोन करू लागले. मग राख ओली होऊ नये म्हणून शेड बांधायला पैसे मागावे लागले नाहीत, ते आपणहून मंजूर झाले.

हे सगळं गोड वाटतं तसं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१४ मध्ये अति प्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाणी आणि धुराचे आकडे थेट ऑनलाइन पाठवायला सांगितलं. त्यात साखर आणि डिस्टिलरी दोन्ही आहेत. एका ठिकाणी मी सेन्सर स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलेला पाहिला आहे. आकडे उत्तम येत होते. मोजमाप असलं की काम होतं हे खरं, पण मोजणारा आणि मोजला जाणारा एकच असेल तर बादलीही येते.

दुसरी गोष्ट पैशाची. ऊस तोडून नेल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे उसाची ठरलेली किमान किंमत, द्यायची हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आहे. हे देणं भागवूनच बाकीचा खर्च निघतो, आणि मराठवाड्यात तर कितीतरी कारखाने बंद पडले, भाड्यानं गेले, विकले गेले. ज्या कारखान्यात कायम कामगाराचा पगार महिनोन् महिने थकलेला आहे तिथं प्रक्रिया केंद्राचा पंप जळाला तर रिवाइंडिंगला टाकायला कुणी हलत नाही. पर्यावरण विभागाच्या बैठकीत मी एकदा म्हणालो होतो की आपलं पहिलं पर्यावरणीय उद्दिष्ट पगार वेळेवर करणं हे ठेवा. लोक हसले. मी गंमत करत नव्हतो.

आणि जिवाची गोष्ट. डिसेंबर २०१७ मध्ये परळीजवळच्या एका कारखान्यात गरम रसाची टाकी फुटून कामगार भाजले, काही दगावले. ती बातमी आली त्या रात्री जिल्ह्यातल्या प्रत्येक कारखान्यात कुणीतरी उठून आपल्या टाक्यांकडे बघून आलं असेल. आम्हीही गेलो. हंगाम सुरू होण्याआधी टाक्यांची जाडी तपासणं, रस गरम असलेल्या जागी कामाविना कुणाला उभं राहू न देणं, कंत्राटी मुलांनाही बूट आणि हातमोजे देणं, यातली बहुतेक कामं आधीपासून यादीत होती. त्यानंतर ती वेळेवर व्हायला लागली.

आता लाल रेघेच्या बाहेर जाऊ.

माझ्या कामाला वळण लागलं ते एका खरेदीदाराच्या तपासनीसामुळे. साखर घेणाऱ्या मोठ्या कंपन्या, विशेषतः शीतपेयं आणि बिस्किटं करणाऱ्या, पुरवठादाराकडे माणूस पाठवतात. बॉन्सुक्रोसारखी ऊस आणि साखरेसाठीची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रंही आहेत. त्या तपासनीसानं दोन दिवस कारखाना पाहिला, पाण्याचे आकडे पाहिले, खूश झाला. मग त्याच्या प्रश्नावलीतल्या पुढच्या पानावर आला: तुमच्याकडे किती कामगार आहेत? आमच्या प्रशासन विभागानं कायम, हंगामी आणि कंत्राटी मिळून आकडा दिला. त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं. वजनकाट्यापासून हमरस्त्यापर्यंत बैलगाड्या आणि ट्रॅक्टरची रांग लागली होती. तो म्हणाला, "आणि हे?"

उत्तर सगळ्यांना पाठ होतं. हे आमचे नाहीत. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार वाहतूकदाराशी करतो, वाहतूकदार मुकादमाशी करतो आणि मुकादम जोडप्यांना आगाऊ उचल देऊन आणतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. कोणाच्या हजेरीपटावर बाईचं नाव वेगळं नसतं. उचल नवऱ्याच्या हातात पडते आणि ती फेडेपर्यंत दोघं बांधले जातात. कागदावर बघितलं तर कारखान्यात ऊस आपोआप चालत येतो.

मला हे नवं नव्हतं. माझं गाव धारूर तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात आहे. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची, वडवणीची, केजची, पाटोद्याची, शिरूर कासारची गावं रिकामी होतात आणि म्हातारी माणसं, कुत्री आणि कुलपं मागे राहतात. लाखो माणसं कोल्हापूर, सांगली, सातारा, बेळगावकडे जातात, काही जिल्ह्यातल्याच कारखान्यांवर राहतात. माझे थोरले चुलते-चुलती वर्षानुवर्षं गेले. तरी मी प्रयोगशाळेत बसून त्यांच्या तोडलेल्या उसाचा उतारा काढायचो आणि त्यांचा न् माझा मालक एकच आहे असं मला नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत सुचलंही नव्हतं. काट्यावर वजन होतं ते उसाचं. त्याच्या मागचं काट्यावर चढत नाही.

पुढे शेतकी विभागासोबत काम करू लागलो तेव्हा फडात जाणं रोजचं झालं. पहाटे चारला उठून बाई आधी पाणी आणते, भाकरी थापते, लेकरू झोळीत घालते आणि उजाडायच्या आत फडात असते. गडी तोडतो, ती पाला साळते, मोळ्या बांधते, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. दोघं मिळून दिवसाला दीड-दोन टन. गाडी कधी भरायला येईल हे तिच्या हातात नसतं. रात्री दोनला आली तर दोनला. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून जे चार पैसे मिळतात तेवढेच रोख दिसतात, बाकी सगळं उचलीत वळतं होतं.

एका कोपीवर एक बाई दुखण्यानं कण्हत होती आणि कोयता घेऊन निघालीही होती. मी म्हणालो, "ताई, आज राहू द्या की." ती म्हणाली, "खाडा पडला की मुकादम पैसे कापतो भाऊ. उचल फिटायची कवा?" शेजारची म्हणाली, "तिला म्हनलं पिशवी काढून टाक. मी काढली, आता काय कटकट नाई." दोघींचीही वयं तिशीच्या आतबाहेर असतील.

२०१९ साली हा विषय राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यातल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. सहा जणींमागे एक. त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेसाठी खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. हे आवश्यकच होतं. पण आमच्या उद्योगात त्यावर जी चर्चा झाली ती डॉक्टरांबद्दल झाली, मुकादमांबद्दल झाली, अडाणीपणाबद्दल झाली. फडात पाणी नाही, आडोसा नाही, सुट्टी नाही, खाडा आहे, या चार गोष्टी ज्याच्या वेळापत्रकातून येतात त्या कारखान्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. गव्हाण चोवीस तास चालू राहिली पाहिजे या एका अटीवर खालची सगळी माणसं धावत असतात. ती अट आम्ही घातलेली आहे. मुकादम ती फक्त खाली पोचवतो.

मग काय करता येतं? आम्ही केलेल्या काही गोष्टी टिकल्या, काही टिकल्या नाहीत.

पाणी टिकलं. कोप्यांच्या मोठ्या तळावर टाक्या आणि रोज टँकर, एवढं साधं काम. टँकर आला नाही तर कुणाला फोन करायचा हे टाकीवर लिहिलेलं. बैलांसाठी काट्याजवळ हौद. ट्रॉल्यांना आणि गाड्यांना चमकणाऱ्या पट्ट्या लावल्याशिवाय काट्यावर घ्यायचं नाही, हा नियमही टिकला, कारण काट्यावर अडवण्याचा अधिकार आमचाच होता. फिरता दवाखाना एका हंगामात चांगला चालला, पुढच्या हंगामात डॉक्टर मिळाला नाही. फिरती शौचालयं बहुतेक वाया गेली. ती तळावर उभी असायची आणि बाई फडात असायची, तीन किलोमीटरवर. बायकांना विचारून घेतलं असतं तर त्यांनी फडाच्या बांधावर हलवता येणारा आडोसा आणि पाण्याचा ड्रम मागितला असता. नंतर शेतकी विभागाच्या एका गटात तसं केलं, ते वापरलं गेलं.

मला सगळ्यांत जवळचा वाटणारा प्रयोग सुट्टीचा. कारखाना अधूनमधून साफसफाईसाठी बंद ठेवावाच लागतो. बाष्पीभवनाच्या नळ्यांत कीट साचतं, ते काढायचं असतं. तारीख आम्हाला आठवडाभर आधी माहीत असते. पण तोडणी मजुरांच्या टोळ्यांना ती सांगायची नाही अशी रीत होती, कारण सांगितलं तर लोक आदल्या दिवसापासून सैल पडतात आणि कारखाना सुरू होताना ऊस कमी पडतो अशी भीती. आम्ही एका गटात तारीख आधी सांगितली आणि त्या दिवशी खाडा धरायचा नाही हे मुकादमाकडून लिहून घेतलं. त्या दिवशी बायका बाजाराला गेल्या, लेकरांना न्हाऊ घातलं, काही जणी दवाखान्यात गेल्या, बऱ्याच जणी नुसत्या झोपल्या. दुसऱ्या दिवशी ऊस कमी पडला नाही. तरीही पुढच्या हंगामात तो प्रयोग सगळ्या गटांत नेता आला नाही. कुणी विरोध केला नाही. फक्त तो कुणाचं काम नव्हता.

लेकरांचं अजून अर्धवटच आहे. पूर्वी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालत. नंतर मुलांना गावीच ठेवून शिकवण्यावर भर आला. २०२१ मध्ये सरकारनं संत भगवानबाबा यांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना आणली. वसतिगृहात गेलेलं पोर फडातून सुटतं हे मी गावात बघतोय. पण दुधपितं लेकरू आणि त्याला सांभाळायला आणलेली आठ-नऊ वर्षांची बहीण वसतिगृहात जात नाही. ती दोघं फडाच्या कडेला असतात, ट्रॅक्टर मागे घेताना चालकाला दिसणार नाहीत अशा उंचीची. तळावर पाळणाघर आणि ते चालवायला टोळीतलीच एक बाई पगारावर, एवढं कारखान्याला परवडतं. खर्च नगण्य आहे, पण त्या बाईला कामावर घेतलं की ती आपली कामगार ठरते. अडचण तिथं येते.

व्यवस्थापनाला हे पटवायला मला शेवटी सकाळच्या अहवालाचीच मदत झाली. त्यात एक रकाना असतो, 'नो केन'. ऊस नाही म्हणून कारखाना किती तास थांबला. प्रत्येक तासाची किंमत सगळ्यांना ठाऊक असते. हंगामाच्या मध्यात टोळ्या पळून जातात, उचल बुडते, गाळप घसरतं, आणि हे नशीब म्हणून सोडून दिलं जातं. मी शेतकी विभागाच्या वह्यांवरून कोणत्या तळावरच्या टोळ्या शेवटपर्यंत राहिल्या आणि कुठल्या अर्ध्यात गेल्या ते मांडलं. पाणी जवळ असलेले आणि आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला गाडी मिळणारे तळ टिकले होते. सगळं कारण तेवढंच होतं असं मी म्हणालो नाही, मुकादमाचा स्वभावही असतो. पण त्या बैठकीत पहिल्यांदा पाण्याच्या टाक्यांचा खर्च 'कल्याण' या सदरातून 'ऊस पुरवठा' या सदरात गेला. सदर बदललं की मंजुरी कशी मिळते ते मी राखेच्या वेळी पाहिलेलं होतं.

इथं मला एक धोकाही दिसतो. फायद्याचं दाखवता आलं तेच टिकणार असेल तर बाईच्या सुट्टीचं काय? तिचा फायदा कुठल्याच रकान्यात येत नाही. म्हणून काही गोष्टींना नियमच लागतो. स्पेंटवॉश आम्ही चांगुलपणानं थांबवला नव्हता. संमतीपत्र रद्द होईल म्हणून थांबवला, पोटॅशचे पैसे नंतर आले. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यानं टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे असं सूत्र आहे. पाच लाख टन गाळणारा कारखाना वर्षाला ५० लाख देतो. तेवढ्या उसाची साखर विकणाऱ्या कारखान्याला ही रक्कम जड नाही. पण ती भरली की जबाबदारी संपली असं मानण्याची सोय तीत आहे. १० रुपये भरून फडातला खाडा तसाच राहतो.

मग नियम कुठून आणायचा? शेअर बाजारातल्या आघाडीच्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याची कंपनी कायद्यातली तरतूद मोठ्या कंपन्यांना आहे. आमच्या भागातले सहकारी कारखाने या दोन्हींत येत नाहीत. त्यांना गाठणारी वाट एकच आहे, ती म्हणजे पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडून दरवर्षी मिळणारा गाळप परवाना. एफआरपी थकली की परवान्याला अडचण येते, म्हणून एफआरपीकडे लक्ष जातं. तोडणी मजुरांची नावानिशी यादी, त्यात बाईचं नाव वेगळं, विमा आणि तळावरचं पाणी या गोष्टी परवान्याच्या अर्जात अट म्हणून आल्या तर त्या एका हंगामात होतील, असं माझा अनुभव सांगतो.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. मजुरांच्या संघटनांनी संप-आंदोलनं करून मिळवलेली वाढ आहे आणि ती न्याय्य आहे. त्यानंतर प्रत्येक बैठकीत एकच शब्द ऐकू येतो, हार्वेस्टर. यंत्र कोटीच्या वर जातं, लहान आणि ओल्या रानात अडतं, पण वाढतंय. काही जण ते सामाजिक उद्दिष्ट म्हणूनही मांडतात: माणूसच नको, म्हणजे त्याचे हालही नकोत. कोयता सुटावा असं माझ्या गावातल्या प्रत्येक आईला वाटतं. पण पुढचं काम हातात नसताना सुटला तर सावकाराच्या दारात जावं लागतं. यंत्रामागे वाढे मिळत नाहीत, म्हणजे रोखीचा तोही आधार गेला. यंत्र आणणाऱ्या कारखान्यानं त्या यंत्राचा चालक आणि दुरुस्ती करणारा आपल्याच टोळ्यांतल्या पोरांतून तयार करावा, आणि बालाघाटातल्या गावांत रोपवाटिका, ठिबक जोडणी, पाचट कुजवणं ही कामं तिथल्या बायकांना द्यावीत, एवढं आम्ही सुचवलं होतं. एका गटात ऊस रोपवाटिका झाली. ती बायकाच चालवतात. त्यातल्या काही घरांतली माणसं पुढच्या दिवाळीला गेली नाहीत.

कारखान्यात नव्यानं लागलेली मुलं मला विचारतात की सुरुवात कुठून करायची. त्यांना मी मोठी प्रमाणपत्रं सांगत नाही. नकाशावरची लाल रेघ जिथून ऊस निघतो तिथपर्यंत ओढा, असं सांगतो. मग सकाळच्या अहवालात फडाची एक ओळ वाढवा: आज किती तळांवर पाणी पोचलं नाही, किती माणसं आजारी, किती अपघात. आकडा कुणी तपासायचा ते आधी ठरवा आणि तो माणूस मुकादमाचा किंवा तुमचा नसावा. तोडणीचे करार उन्हाळ्यात होतात, उचल तेव्हाच हातात पडते. पाणी, पगारी सुट्टी, विमा आणि बाईचं वेगळं नाव या चार अटी त्या करारात जूनमध्ये लिहिल्या तर हंगामात त्यांच्यावर भांडता येतं. नोव्हेंबरात बॉयलर पेटल्यावर भांडायला कागद लागतो आणि तेव्हा तो करून घ्यायला कुणाला वेळ नसतो.